मागची घंटी

१

शुक्रवारी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरातली चोरी उघडकीला आली, आणि ती उघडकीला आणली ती त्याच घरातून वस्तू उचलून न्यायला आलेल्या माणसाने. तो त्यांचा थोरला मुलगा. आईच्या घरातून वस्तू नेण्याला तो 'आवराआवर' म्हणत होता.

बाई म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई. वय अठ्ठ्याहत्तर. डोळे जवळजवळ गेलेले. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. चार महिन्यांपूर्वी दोन्ही मुलांनी मिळून त्यांच्या दिवाणखान्यात होम थिएटर बसवलं होतं. आईला सिनेमा दिसत नाही, निदान नीट ऐकू तरी यावा, हा हेतू. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, मधोमध एक, कोपऱ्यात छाती धडधडवणारा वूफर आणि बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर आणखी दोन. येणाऱ्या-जाणाऱ्याला थोरला ते बोट दाखवून मोजून दाखवायचा.

तर थोरला स्टुलावर चढला, मागचा डावा स्पीकर त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि पडता पडता वाचला. जड वस्तूसाठी हात आवळावेत आणि वस्तू निघावी पिसासारखी, तसं झालं. त्याने पुढचं काळं कापड टराटरा फाडलं. आत काही नव्हतं. दुसरा काढला. त्यातही नव्हतं.

"फिटर!" थोरला ओरडला. "गेल्या आठवड्यात प्लग बदलायला आला होता ना तो? आतला माल काढून नेला आणि डबे टांगून गेला हरामखोर!"

"मी म्हटलंच होतं, त्याच्यावर लक्ष ठेवा म्हणून," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं.

खुर्चीतून बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी पास झाले."

२

हे पास-नापासाचं प्रकरण समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

डोळे अधू झाले तेव्हापासून मुलं बाईंच्या मागे लागली होती, की घर बंद करा आणि गावाबाहेरच्या त्या वृद्धनिवासात चला. तिथे चोवीस तास नर्स आहे, बाग आहे. बागेचं कौतुक आंधळ्या बाईला सांगत होती, यावरून मुलांची समज कळावी. बाईंनी एकदाच उत्तर दिलं होतं: "डोळ्यांवाचून हे घर मी चालवते. मला प्रत्येक दार आवाजावरून माहीत आहे. कान गेले तर मात्र तुम्ही म्हणाल तिथे येईन. शब्द दिला."

बसवल्यापासूनच बाई त्या होम थिएटरबद्दल एक तक्रार करत होत्या. "अरे, मागून काहीच येत नाही. घोडे समोरूनच येतात, मारेकरीसुद्धा समोरूनच. असा कसा मारेकरी?" मुलं हसायची. मग हसायची थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली.

गेल्या महिन्यात घरातच परीक्षा झाली. एक चाचणीची फीत लावली. तिच्यात घंटी वाजते, कधी समोरून, कधी मागून. दहा घंट्या, पाच पुढच्या, पाच मागच्या. सूनबाई कागद घेऊन बसल्या. बाईंनी दहाही वेळा सांगितलं, "समोरून." दहापैकी पाच. जन्मभर दुसऱ्यांना नापास करणारी बाई आपल्याच दिवाणखान्यात नापास झाली, आणि शब्दाला जागून म्हणाली, "ठीक आहे. या रविवारनंतरच्या चौथ्या रविवारी."

तो चौथा रविवार आता परवावर आला होता. अकरा वाजता गाडी येणार होती.

"म्हणजे मी पास झाले," बाई पुन्हा म्हणाल्या. "डबे रिकामे होते, तर मागून आवाज कुठून येणार?"

"आई, चोरी गेल्या आठवड्यात झाली," थोरला मोठ्याने, शब्द सुटे करून म्हणाला. "परीक्षा गेल्या महिन्यात झाली. तेव्हा ते वाजत होते."

"ओरडू नकोस. खाली जा आणि सर्वेअरना बोलावून आण."

३

सर्वेअर म्हणजे मी. चौतीस वर्षं विमा कंपन्यांसाठी जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं तपासली. आग कोणी लावली ते पोलिसांनी बघावं. मी राखेत उभा राहून एकच प्रश्न विचारायचो: आग लागली तेव्हा माल आत होता का? या एका प्रश्नावर मी बऱ्याच सज्जन माणसांची झोप उडवली आहे.

बाईंनी मला खुर्ची दिली नाही. "बसा" म्हणायला त्यांना वेळ नव्हता.

"चोर कोण ते मला नको, सर्वेअर. डबे केव्हा रिकामे झाले तेवढं सांगा. परीक्षेच्या आधी, की नंतर?"

"आणि नंतर निघाले तर?"

"तर रविवारी माझी पेटी खाली न्यायला मदत करा."

मी आधी थोरल्याला गाठलं. तो एका कारखान्यात खरेदी-अधिकारी. टाचणी घ्यायची तरी तीन कोटेशनं मागवणारा. सिस्टीमचा विषय काढताच त्याचा चेहरा उजळला.

"चाळीस हजार बजेट ठरलं होतं, काका. अर्धे माझे, अर्धे उस्तादांचे." उस्ताद म्हणजे धाकटा भाऊ. आवाजातलं त्याला कळतं, म्हणून थोरला त्याला हे नाव देतो आणि ते घेताना ओठ वाकडा करतो. "माझी एकच अट होती. पाच स्पीकर आणि एक वूफर. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझ्या साहेबांकडे पाच आणि एक आहे. तेवढ्या पैशात आपल्याकडे तीनच का, असं उद्या कोणी विचारलं तर?"

"निवड कोणाची?"

"उस्तादांची. मी फक्त मोजून घेतले."

"आणि परीक्षेच्या दिवशी मागचे वाजत होते?"

"म्हणजे काय! मी स्वतः ऐकली मागची घंटी. या कानांनी."

सूनबाईंनीही तेच सांगितलं. "पाचही वेळा मागून आली. उजवीकडची तर अशी माझ्या खांद्यावर वाजली हो!" त्यांनी खांदा झटकला, जणू अजून तिथे काही बसलं होतं.

दोघांची मी वेगवेगळी उलटतपासणी केली. खोटं बोलणारा माणूस तपशील पाठ करून येतो; ही दोघं चुकतमाकत, आठवत बोलत होती. माझ्या वहीत मी दोघांपुढे 'खरं बोलतात' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, बाईंची पेटी आपल्याला उचलावी लागणार.

४

दुपारी फिटर आला. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. सिस्टीम जिथून घेतली त्या दुकानात थोरल्याने फोन केला होता. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर कामावरून कमी, असं मालकाने त्याला सांगून पाठवलं होतं.

"साहेब, बावीस वर्षं लोकांच्या घरात एकटा काम करतोय. कपाटं उघडी टाकून माणसं बाजारात जातात."

"मागचे स्पीकर तुम्हीच जोडलेत?"

तो घुटमळला. "वायर मी ओढली. भिंतीच्या कडेने, पट्टीतून. बघा, कुठे फुगवटा नाही."

"मी जोडण्याबद्दल विचारलं."

"जोडणी... घरचे म्हणाले, राहू द्या, ते आम्ही बघतो."

"घरचे म्हणजे कोण?"

त्याने दाराकडे पाहिलं. "मी एका भावाचं नाव घेतलं तर दोन्ही भाऊ एक होतील, साहेब. घरं अशीच असतात. माझी नोकरी तशीही गेली, निदान गिऱ्हाईकाच्या घरात भांडण लावल्याचा आरोप नको."

माणसांची त्याची पारख माझ्याइतकीच चांगली होती. मी नाद सोडला आणि स्टुलावर चढलो.

भिंतीच्या पट्टीतून वायर वर आली होती आणि डबा होता तिथे लोंबत होती. मी तिचं टोक हातात घेतलं. डबा टेबलावर ठेवला, फाटलेलं कापड बाजूला केलं. फळीत वाटोळं भोक होतं. भोकाभोवती, स्पीकर आवळायला चार स्क्रू बसतात त्या जागी, चार बारीक टिंबं.

"फिटर, हे काय?"

त्याने चष्मा चढवला आणि टिंबांवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "इथे स्क्रू गेलेलाच नाही. कधीच."

"आणि वायरीचं टोक?"

"सोललेलं नाही. बंडलातून कापली तशीच आहे."

जोडायची तर वायरीवरचं प्लास्टिक सोलून आतलं तांबं उघडं करावं लागतं. चोर स्पीकर काढून नेईल, पण जाताना तांब्यावर पुन्हा प्लास्टिक चढवून जाईल का? माझा जुना प्रश्न आपलं उत्तर घेऊन समोर उभा होता. आग लागली तेव्हा गोदामात माल नव्हता. कारण माल कधी आलाच नव्हता.

मग मी तडक दुकान गाठलं. मालकाने आधी हात वर केले. मी जळक्या दुकानांच्या दोन गोष्टी सांगितल्यावर खाली घेतले.

"तीन स्पीकर आणि वूफर दिला, आवाज वाटून देणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, दिला. उत्तम माल. बजेट तिथेच संपलं. मागच्या दोनाचे डबे... ते शोकेसमध्ये मांडायचे रिकामे डबे असतात, साहेब. गिऱ्हाईकाने मागितले, मी फुकट दिले. माझा काय तोटा?"

"कोणत्या गिऱ्हाईकाने?"

त्याने सांगितलं. मी नाव वहीत लिहिलं. ते इतक्यात सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी माझं काम झालं नसतं. कारण 'खरं बोलतात' असा शेरा मारलेली दोन माणसं वहीत तशीच बसली होती. डबे पहिल्या दिवसापासून रिकामे, तर त्या दोघांनी मागची घंटी ऐकली कुठून?

५

शनिवारी रात्री मी बाईंना हाच प्रश्न विचारला. त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

"वर्गात मागच्या बाकावर एक द्वाड पोरगा असायचा. काचेचा आवाज झाला की सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघायचा, दगड बाहेरून आला असला तरी. मीसुद्धा. डोळे होते तेव्हा."

मी पायऱ्या उतरलो तो उद्याचा बेत ठरवूनच.

रविवारी दहा वाजता सगळे हजर होते. थोरला, सूनबाई, आईला निरोप द्यायला आलेला धाकटा. हा प्रयोगशाळांना काचसामान विकतो. मोठ्या आवाजात बोलत नाही, कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. बाईंची पेटी दाराशी तयार होती.

"चोरीचा माल सापडला," मी म्हणालो. "फिटरने रात्रीच डब्यात बसवला. सिस्टीम पहिल्यासारखी आहे. बाईंना नेण्यापूर्वी परीक्षा पुन्हा घेऊ. म्हणजे कोणाच्या मनाला टोचणी नको."

"टोचणी कसली?" थोरला म्हणाला. "पण घ्या. अकराला गाडी आहे."

फिटरने नवं काळं कापड ताणून बसवलेले दोन्ही डबे खुंट्यांवर चढवले. पेचकसाने मागे बरंच काही आवळल्यासारखं केलं. सूनबाईंनी "नीट बसवा हो आता" असं सुनावलंही. घंटीची फीत धाकट्याच्या फोनमध्ये होती. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "वाजवतोस ना?"

तो फोनकडे बघत राहिला. "वाजवतो, काका."

पहिली घंटी. "पुढून," सगळे म्हणाले.

दुसरी. "मागून!" सूनबाई. "मागून, डावीकडून," थोरला.

"समोरून," बाई म्हणाल्या.

सूनबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. बिचाऱ्या, असा अर्थ. दहा घंट्या झाल्या. थोरल्याने पाच मागच्या मोजल्या. सूनबाईंनीही पाच, आणि शेवटची पुन्हा त्यांच्या खांद्यावर वाजली.

"फिटर," मी म्हणालो, "डबे खाली घ्या."

त्याने डावा काढला आणि कापड सोडवून थोरल्याच्या मांडीवर ठेवला. आत माझा चष्म्याचा जुना डबा होता. उजव्यात कालचं वर्तमानपत्र.

थोरल्याने चष्म्याचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. खरेदी-अधिकाऱ्याला माल न मिळाल्याची अशी तऱ्हा माहीत नव्हती.

"पण मी... मागून ऐकली मी!"

"ऐकली नाही. भिंतीवर डबे आहेत हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून कानांनी ते मान्य केलं. मागचे स्पीकर नाहीत असं अँपला सांगून ठेवलंय. तो मागचाही आवाज समोरूनच काढतो. या घरात दहापैकी दहा फक्त बाईंना मिळाले. दोन्ही वेळा."

६

"कोणी सांगून ठेवलं अँपला?" सूनबाईंनी विचारलं. त्या हुशार आहेत; हुशारी उशिरा पोचते, एवढंच.

 वही उघडायची गरजच पडली नाही. धाकटा फोन खिशात ठेवत होता आणि तो खिशात जात नव्हता.

"तुला पाच पाहिजे होते," तो थोरल्याला म्हणाला. "चाळीस हजारात पाच म्हणजे पाच डबडी येतात. घरघर करणारी. सिनेमातलं बोलणं सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. आईला चित्र दिसत नाही, तिला बोलणंच हवं. म्हणून सगळे पैसे पुढच्या तिनांवर लावले. मागचे दोन पुढे कधीतरी घेऊ म्हटलं."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. दुकानात. तू म्हणालास, 'उस्ताद, लोक मोजतात, ऐकत नाहीत.'"

थोरल्याला ते आठवलं असावं. त्याने चष्म्याचा डबा पुन्हा बंद केला.

"निवड बरोबर होती," मी म्हणालो. खरंच होती, माझ्या पैशाने घेतली असती तर मीही तीच घेतली असती. "पण बाई चार महिने मागून आवाज येत नाही म्हणत होत्या. तुला तर माहीत होतं."

"आज सांगू, उद्या सांगू असं झालं, काका. दादा फसवणूक म्हणाला असता. सगळ्यांना सांगत फिरला असता."

"आणि परीक्षा?"

"मला वाटलं, गंमत आहे. मग वहिनी मार्क मांडायला लागली." तो थांबला. "मग आईच हो म्हणाली. ती हो म्हणाली, तर मी मध्ये..."

"आणि ही जागा विकून निम्मी रक्कम येणार होती," सूनबाई म्हणाल्या.

"तुम्हालाही निम्मीच येणार होती, वहिनी."

दोघांनीही खरं सांगितलं होतं. 

"त्या दिवशी तू बसला होतास कुठे?" मी विचारलं. सवयीने विचारलं, जागा लिहून घ्यायची सवय.

धाकट्याऐवजी बाईंनी उत्तर दिलं.

"माझ्या मागे. भिंतीशी."

धाकट्याने मान वर केली. "तुला कसं...? मी एक शब्द बोललो नव्हतो."

"नाही बोललास." बाईंचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. त्या त्याच्याकडे वळल्या नाहीत. "घंटी वाजली की तू श्वास रोखायचास. मी उत्तर दिलं की सोडायचास. दहाही वेळा. लहानपणी तोंडी परीक्षेला उभा राहिलास की असंच करायचास."

"आई..."

"मला वाटलं, मी पास व्हावं म्हणून रोखतोयस."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. थोरला उठला नाही. सूनबाई पदराशी चाळा करत होत्या. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, त्या दिवशी बसला होता त्याच जागी, आणि आता त्याचा श्वास मलाही ऐकू येत होता.

शेवटी फिटर उठला, पेचकस खिशात टाकला, दाराशी ठेवलेली पेटी बाजूला सारून वाट केली, आणि गाडी परत पाठवायला खाली गेला.